गणिताचा पेपर आणि पोटातला गोळा

संक्रांत झाली की वडनेरच्या माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक ठराविक प्रकारचा रुग्ण येऊ लागतो. वय पंधरा-सोळा, अंगावर शाळेचा गणवेश, सोबत आई किंवा वडील. तक्रार कधी पोटदुखीची, कधी डोकेदुखीची, कधी भूक मेल्याची, तर कधी रात्रभर झोप नसल्याची. नाडी थोडी जलद, तळहात ओले; बाकी तपासणीत काही सापडत नाही. मग सोबतचे वडील हळूच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, दहावीचं वर्ष आहे. गणितानं डोकं खाल्लं पोराचं. एखादं डोक्याचं टॉनिक लिहून द्या न जी." काही जण तर परीक्षेच्या आदल्या दिवशी सलाईन लावून घ्यायला येतात.

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. दहावीच्या गणिताच्या पेपरची तयारी हा विषय गणिताच्या शिक्षकाचा, डॉक्टरने त्यात का पडावे, असे कुणी म्हणेल. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मी जे पाहिले त्यावरून सांगतो, या पेपरची निम्मी तयारी वहीत होते आणि निम्मी शरीरात. दुसऱ्या अर्ध्याकडे कुणाचेच लक्ष नसते, म्हणून हा लेख.

माझी एक चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्याच एका खेड्यातली मुलगी, दहावीत. एका महिन्यात तीन वेळा पोटदुखी घेऊन आली. पहिल्या खेपेला मी आम्लपित्ताची गोळी दिली. दुसऱ्या खेपेला लघवी तपासली, जंताचे औषध दिले. तिसऱ्या खेपेला मात्र मला स्वतःचीच लाज वाटली. दोनदा तपासूनही मी तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. विचारले, "बाळ, कोणत्या दिवशी दुखते?" ती म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी." रविवारी? कधीच नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत भूमितीची चाचणी असे.

वडील बाहेर बाकावर बसले होते. तीन एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. त्यांना आत बोलावले तर म्हणाले, "पूर्वपरीक्षेत चाळीसपैकी अकरा आले साहेब. गणितात गेली तं काय करणार? पुढच्या साली हात पिवळे करून टाकू." मुलगी खाली पाहत होती. तेव्हा मला कळले की तिच्या पोटातला गोळा भूमितीचा नव्हता. चाळीस गुणांच्या कागदावर तिचे पुढचे सगळे आयुष्य टांगलेले होते. वडिलांना मी आधी एवढेच सांगितले की अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पोटदुखीवर ते औषधही नाही. मग तिची वही मागवून घेतली. त्या वहीत जे दिसले ते पुढे सांगतो.

भीती शरीरात काय करते

पुढून वाघ आला तर पळण्यासाठी शरीराची जी तयारी होते, तीच तयारी प्रश्नपत्रिका पाहूनही होते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात येते. हृदय जोरात धडधडते, श्वास उथळ होतो, घाम सुटतो, आतड्यांची चाल बिघडते. म्हणून कुणाला पोटात कळ येते, कुणाला वारंवार शौचाला जावे लागते, कुणाला मळमळते. हे दुखणे खोटे नसते. "नाटके करतो" असे म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

थोडी भीती चांगली असते. ती मुलाला पुस्तकापाशी बसवते. जास्त झाली की ती बुद्धीच्या आड येते. गणितात हे अधिक का घडते, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उदाहरण सोडवताना आपण काही आकडे, एखादे सूत्र आणि पुढची पायरी क्षणभर मनात धरून ठेवतो. मनातल्या या जागेला कार्यस्मृती म्हणतात. ती एका लहान पाटीएवढी असते. "मला जमणार नाही, नापास झालो तर बाबा काय म्हणतील" हे विचार त्याच पाटीवर लिहिले जातात, आणि आकड्यांना जागा उरत नाही. अमेरिकेतील अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दाखवले. गणिताची भीती असलेल्यांची कार्यस्मृती आकडेमोड करताना अपुरी पडते. म्हणजे मूल 'ढ' नसते; त्याची पाटी भरलेली असते. घरी येणारे उदाहरण परीक्षेत येत नाही, ते यामुळे.

आता या पाटीवर जागा करण्याचे दोन उपाय आहेत. भीती कमी करणे हा एक. पायऱ्या हाताला इतक्या सवयीच्या करणे की त्यांना पाटीवर जागाच लागू नये, हा दुसरा. टॉनिकच्या बाटलीत यांपैकी एकही मिळत नाही. सलाईनचेही तेच. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. त्याहून अधिक ताकद ज्वारीच्या एका भाकरीत आहे, आणि भाकरीला सुई टोचावी लागत नाही.

आधी पेपरची ओळख

अंधारातल्या दोरीचा साप होतो. उजेड केला की दोरी दिसते. म्हणून पहिले काम म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा पाठ करणे. माझ्याकडे येणाऱ्या दहा मुलांपैकी सात-आठ जणांना तो सांगता येत नाही.

राज्य मंडळाच्या २०१९ पासूनच्या पद्धतीत गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. शाळेकडचे अंतर्गत २० गुण धरून एकूण १००, आणि उत्तीर्ण होण्यास ३५. चाळीस गुणांची वाटणी अशी आहे :

१) बहुपर्यायी चार प्रश्न, ४ गुण.
२) एकेका गुणाचे चार प्रश्न, ४ गुण.
३) रिकाम्या चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे दोन गुणांचे प्रश्न, तीनपैकी दोन, ४ गुण.
४) दोन गुणांची उदाहरणे, पाचपैकी चार, ८ गुण.
५) तीन गुणांची कृती, दोनपैकी एक, ३ गुण.
६) तीन गुणांची उदाहरणे, चारपैकी दोन, ६ गुण.
७) चार गुणांची उदाहरणे, तीनपैकी दोन, ८ गुण.
८) तीन गुणांचा वेगळा विचार करायला लावणारा प्रश्न, दोनपैकी एक, ३ गुण.

आता बेरीज करून पाहा. पहिल्या तीन प्रकारांचे १२ गुण आणि तीन गुणांची कृती मिळून १५ गुण असे आहेत की जिथे एकतर छोटे उत्तर द्यायचे असते किंवा अर्धी सोडवलेली पायरी पुरी करायची असते. दोन्ही पेपर मिळून हे ३० गुण. त्यांत दोन गुणांची सोपी उदाहरणे मिळवली की ८० पैकी ४६ गुणांचा प्रदेश कमकुवत विद्यार्थ्याच्याही आवाक्यात येतो. सगळे जमलेच पाहिजे असे नाही. ही बेरीज मी त्या मुलीकडून तिच्याच हाताने करून घेतली. आकडा पाहून ती पहिल्यांदा वर बघून बोलली, "सर, म्हणजे शेवटचं नाही आलं तरी चालते?" मी म्हटले, "चालते."

वहीत काय दिसले

तिच्या वहीत दोनशेच्या वर उदाहरणे होती, अक्षर मोत्यासारखे, एकही खाडाखोड नाही. फळ्यावरून किंवा मार्गदर्शकातून उतरवलेली होती ती सगळी. मी दाखवलेले त्यातलेच एक उदाहरण कोऱ्या कागदावर तिला सुरूही करता येईना. पोहणाऱ्याकडे काठावरून वर्षभर पाहिले म्हणून पोहता येत नाही. गणिताचे तसेच आहे. मुले वह्या भरतात, आई-वडील भरलेल्या वह्या पाहून समाधानी होतात, आणि परीक्षेत कोरा कागद पुढे आला की पोटात गोळा येतो.

म्हणून वडनेरच्या मुलांना मी सहा आठवड्यांचा एक साधा क्रम सांगतो. त्याला खर्च काही नाही.

पहिले दोन आठवडे रोज दीड तास. पाठ्यपुस्तकातले सोडवलेले उदाहरण नीट वाचावे, पुस्तक मिटावे, आणि तेच कोऱ्या कागदावर करावे. अडले तर पुस्तक उघडून फक्त ती पायरी पाहावी व पुन्हा मिटावे. दुसऱ्या दिवशी नवे उदाहरण घेण्याआधी कालचे एक करून पाहावे. आठवून लिहिण्याने जे पक्के होते ते नुसत्या वाचण्याने होत नाही, हे शिक्षणशास्त्रातल्या अनेक प्रयोगांतून सिद्ध झाले आहे.

पुढचे दोन आठवडे प्रकरणांची सरमिसळ करावी. एकाच दिवशी वर्गसमीकरणाची वीस उदाहरणे केली की हात यंत्रासारखा चालतो, पण प्रश्नपत्रिकेत प्रश्नाच्या डोक्यावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते. म्हणून एक वर्गसमीकरणाचे, एक अंकगणिती श्रेढीचे, एक संभाव्यतेचे, एक पायथागोरसच्या प्रमेयाचे, एक वर्तुळाचे अशी पाच घ्यावीत. आधी अवघड वाटते, चुका जास्त होतात. तरी हेच टिकते.

शेवटचे दोन आठवडे आठवड्यातून दोनदा पूर्ण प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून दोन तास, मधे उठायचे नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. एक रविवारी आणि एक पेपरच्याच वेळेला. शरीराला त्या वेळी दोन तास बसण्याची सवय झाली की परीक्षेच्या दिवशी ते घाबरत नाही. पैलवान दंगलीआधी तालमीत उतरतो तो यासाठीच.

या सहाही आठवड्यांत एक 'चूकवही' ठेवावी. प्रत्येक चूक तारखेसह लिहावी आणि शेजारी तिचे कारण, म्हणजे सूत्र आठवले नाही, चिन्ह चुकले, प्रश्न अर्धा वाचला की आकडेमोड चुकली. आम्ही डॉक्टर रुग्णाचा कागद ठेवतो तसाच हा कागद. पंधरा दिवसांनी तो वाचला की आजार सापडतो. त्या मुलीच्या चूकवहीत निम्म्याहून अधिक चुका दोनच प्रकारच्या निघाल्या. त्या बऱ्याच मुलांच्या असतात, म्हणून देतो.

दोन नेहमीचे आजार

पहिला आजार चिन्हाचा. समीकरण घ्या : क्षचा वर्ग – ४क्ष – ५ = ०. येथे अ = १, ब = –४, क = –५. सूत्रात 'उणे ब' येते. ब स्वतःच उणे ४ असल्याने उणे ब म्हणजे अधिक ४. मुले घाईत –४ लिहितात. बाकी सगळे बरोबर करतात : ब चा वर्ग १६, त्यातून ४अक वजा करायचे म्हणजे १६ + २० = ३६, वर्गमूळ ६. बरोबर उत्तर (४ + ६) भागिले २ म्हणजे ५, आणि (४ – ६) भागिले २ म्हणजे –१. चुकलेल्या मुलाचे उत्तर १ आणि –५ येते.

औषध काय? ताळा. उत्तर मूळ समीकरणात घालून पाहा. ५ घातले तर २५ – २० – ५ = ०, जमले. १ घातला तर १ – ४ – ५ = –८, जमले नाही; म्हणजे कुठेतरी चिन्ह चुकले. ताळ्याला पाऊण मिनिट लागते. रुग्णाला औषध देऊन झाल्यावर पुन्हा नाडी पाहावी तसा तो आहे. शिवाय ताळा जमला की मनाला जो धीर येतो, तो पुढच्या उदाहरणाला उपयोगी पडतो.

दुसरा आजार एकाने मोजण्यात चुकण्याचा. श्रेढीचे पहिले पद ४, फरक ३, तर एकोणिसावे पद किती? मुले ४ + १९ × ३ = ६१ लिहितात. शेताच्या कुंपणाचा विचार करा. फाटकापासून ४ फुटांवर पहिला खांब, मग दर ३ फुटांवर पुढचा. एकोणिसाव्या खांबापर्यंत मधली अंतरे किती? अठरा. म्हणून ४ + १८ × ३ = ५८. त्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिच्या वडिलांनीच मान हलवली. खांब रोवणाऱ्या माणसाला हे गणित आधीच येत असते. फक्त त्याला कुणी ते गणित आहे असे सांगितलेले नसते. त्या दिवसापासून ते संध्याकाळी तिच्या शेजारी बसू लागले. शिकवता येत नव्हते, पण घड्याळ पाहता येत होते.

झोप, जेवण, रक्त आणि डोळे

आता माझ्या हक्काच्या विषयाकडे येतो.

झोप : तेरा ते अठरा वयाच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविज्ञान संस्थेने २०१६ साली सांगितले. दिवसा जे शिकलो ते मेंदू रात्री झोपेत पक्के करतो. रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पाचला उठणारा विद्यार्थी म्हणजे दिवसभर वेचलेला कापूस रात्री उघड्यावर ठेवणारा शेतकरी. साडेनऊ-दहाला झोपावे, साडेपाच-सहाला उठावे, अवघड उदाहरणे सकाळी करावीत. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बंद. जागरणासाठी चहा-कॉफी किंवा बाजारात मिळणारी उत्तेजक पेये घेऊ नयेत. धडधड वाढते, आणि भीतीची धडधड त्यात मिसळते.

जेवण : परीक्षेसाठी वेगळा आहार नको. भाकरी किंवा पोळी, तुरीचे वरण, एखादी पालेभाजी, ताक, हे पुरे. मधल्या वेळी फुटाणे, शेंगदाणे-गूळ, हरभऱ्याची उसळ. उपाशीपोटी पेपरला जाऊ नये. आणि पेपरच्या दिवशी बाहेरचे तळलेले, उघड्यावरचे काही नको. फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडे उन्हाचा चटका लागू लागतो. पाण्याची बाटली सोबत असावी.

रक्त : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना आणि मुलांपैकी शंभरात ३१ जणांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलेल्या मुलीला दम लागतो, डोके जड होते, लक्ष टिकत नाही, आणि घरचे म्हणतात, आळशी आहे. त्या मुलीचे हिमोग्लोबिन मी तपासले, ८.६ निघाले. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घरी आणून फडताळात ठेवत असे, कारण मैत्रिणीला एकदा मळमळले होते. गोळी जेवणानंतर घ्यावी, लिंबू पिळलेले अन्न सोबत असावे, आणि चहा तासभर तरी आधी-नंतर नको, कारण चहाने लोहाचे शोषण घटते. शौच काळे होते, त्याला घाबरू नये. मात्र रक्तक्षय जास्त असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तपासून रोजचे औषध घ्यावे लागते.

डोळे : फळ्यावरचा ६ आणि ८ यांत घोटाळा होणारा, डोळे बारीक करून पाहणारा, संध्याकाळी डोके दुखणारा विद्यार्थी आधी डोळे तपासून घेतो का? बहुधा नाही. चष्म्याच्या काचेने गणित सुधारल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते.

पेपरच्या दिवशी

आदल्या रात्री नवे काही करू नये. चूकवही एकदा वाचावी, प्रवेशपत्र, दोन पेने, पेन्सिल, कंपासपेटी भरून ठेवावी आणि झोपावे. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर एक एस.टी. आधीची पकडावी.

निघण्यापूर्वी दहा मिनिटे एका कागदावर मनातली सगळी भीती लिहून काढावी. "मला भूमितीची भीती वाटते, प्रमेय विसरेन, बाबा रागावतील", जे असेल ते. मग कागद फाडून टाकावा. हा उपाय मी काढलेला नाही. रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. परीक्षेआधी भीती लिहून काढणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे त्यांना आढळले. पाटीवरची भीती कागदावर उतरली की पाटी मोकळी होते.

वर्गात बसल्यावर छाती धडधडली तर श्वास नाकाने चार अंक मोजत आत घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. असे दहा श्वास. सोडण्याचा श्वास लांब ठेवला की हृदयाची गती उतरते. हे पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करून चालत नाही. आधी पंधरा दिवस रोज करावे.

उत्तरपत्रिका सुरू करताना येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी, प्रश्नक्रमांक मात्र बिनचूक घालावा. एका उदाहरणावर सात-आठ मिनिटे गेली आणि वाट दिसेना, तर जागा सोडून पुढे जावे. पायऱ्यांना गुण असतात, म्हणून उत्तर आले नाही तरी सूत्र, दिलेल्या किमती आणि आकृती लिहावी. शेवटची दहा मिनिटे ताळ्यासाठी राखावीत. बाहेर आल्यावर उत्तरे जुळवत उभे राहू नये. झालेला पेपर परत येत नाही, पुढचा मात्र बिघडतो.

आई-वडिलांना चार शब्द

शेजारच्या मुलाचे गुण घरात काढू नका. "इतका खर्च केला" हे वाक्य सहा महिने विसरा. घरात परीक्षार्थी असताना तुरीची मळणी असो की पाहुणे, त्याला एक कोपरा आणि एक दिवा द्या. मुलींना तर विशेष. भांडी-झाडलोट तिने करायची आणि अभ्यास भावाने, हा हिशेब निदान या दोन महिन्यांत तरी बदला.

नापास होणे हा शेवट नाही, हे मुलाला निकालाच्या दिवशी नव्हे, आज सांगा. २०१५ पासून निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते, वर्ष वाया जातेच असे नाही. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळण्याची सोय आहे.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. निकालाच्या दिवशी माझ्या दवाखान्यात एकदा एका मुलाला बैलगाडीतून आणले होते. तो वाचला, आज त्याला दोन मुले आहेत. पण दर वेळी असे होत नाही. आपल्या प्रत्येक घरात फवारणीचे औषध असते. परीक्षेपासून निकालापर्यंत ते कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे. निराशेचा तो क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काही नसले तर जीव वाचतो. मूल गप्प झाले, जेवण टाकले, जगण्यात अर्थ नाही असे बोलले, तर त्याला एकटे सोडू नका, रागावू नका, जवळ बसून ऐका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथे मराठीतही बोलता येते.

डॉक्टरकडे केव्हा यावे

सगळी पोटदुखी भीतीची नसते. पोटदुखीसोबत ताप, उलटी, वजन घटणे, शौचातून रक्त. सकाळी उठताच डोके दुखून उलटी होणे. झोपेतून जागे करणारे दुखणे. दोन-तीन आठवडे सतत झोप न लागणे, यांत परीक्षेचे निमित्त करून थांबू नये. झोपेच्या किंवा भीतीच्या गोळ्या दुकानातून आणून मुलाला देऊ नयेत. त्यांनी आठवण मंदावते. एखाद्या मुलाला पहिलीपासूनच आकड्यांचा क्रम, लहान-मोठेपणा, घड्याळ कळायला जड जात असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि रीतसर तपासणीचे प्रमाणपत्र असेल तर मंडळाकडून जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. हे काम परीक्षेच्या महिन्यात होत नाही, आठवी-नववीतच करावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. चमत्कार झाला नाही. गणितात तिला शंभरपैकी ५१ पडले. हिमोग्लोबिन तोपर्यंत साडेदहावर आले होते. निकालाच्या दिवशी वडील पेढे घेऊन आले. त्यांना विचारले, "हात पिवळे केव्हा करता?" हसून म्हणाले, "राहू द्या जी. नर्सिंगचं म्हणते." गेल्या महिन्यात ती तापाच्या आजीला घेऊन आली होती. आजीची नाडी तिने माझ्याआधी पाहिली, पंधरा सेकंद मोजून चारने गुणली, आणि आकडा बरोबर सांगितला.